राखलेला काळोख : प्रस्तावना

रात्रीच्या आकाशाचं एखादं चांगलं छायाचित्र समोर आलं की पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कॅमेरा कोणता? मग लेन्स कोणती, आयएसओ किती, शटर किती वेळ उघडं ठेवलं. हे प्रश्न रास्त आहेत आणि पुढच्या प्रकरणांत त्यांची उत्तरं सविस्तर दिली आहेत. पण ज्या प्रश्नापासून सुरुवात व्हायला हवी, तो सहसा कोणी विचारत नाही. तिथे अंधार किती होता, आणि तो कोणामुळे होता? लडाखमधल्या हानले परिसरात आकाशाची छायाचित्रं घेताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. अशा छायाचित्राचं निम्म्याहून अधिक श्रेय काळोखाचं असतं, आणि काळोख आपोआप टिकत नाही. तो कोणीतरी राखावा लागतो. या पुस्तकातली छायाचित्रं, त्यामागचं तंत्र आणि त्या जागेची हकिगत या सगळ्याच्या मुळाशी एवढंच म्हणणं आहे.

हानले हे लडाखच्या आग्नेय कोपऱ्यातलं, चांगथांग पठारावरचं गाव. लेहहून सिंधूच्या काठाकाठाने उपशी, चुमाथांग, न्योमा असं वर चढत जायचं, लोमाला नदी ओलांडायची आणि मग उघड्या पठारावरून हानले गाठायचं, यात अख्खा दिवस जातो. गाव म्हणजे भोक, पुंगुक, खुल्दो, नागा अशा विखुरलेल्या वस्त्या. सगळी मिळून माणसं हजाराच्या आसपास. टेकडीवर सतराव्या शतकातला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, खाली नदीकाठची ओलसर कुरणं, आणि त्यावर चरणारे याक, मेंढ्या आणि पश्मिना लोकर देणाऱ्या शेळ्या. याच खोऱ्यात दिग्पा-रत्सा-री नावाचा डोंगर आहे. वेधशाळा झाल्यावर त्याला सरस्वती पर्वत हे दुसरं नाव मिळालं. त्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ४५०० मीटरवर, बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेल्या तिथल्या दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीने सप्टेंबर २००० मध्ये पहिला प्रकाश टिपला. ही दुर्बीण उपग्रहामार्फत बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवली जाते. पुढे तिच्या जोडीला आणखी उपकरणं आली, आणि त्यांत मुंबईचाही मोठा वाटा आहे. ०.७ मीटरची 'ग्रोथ-इंडिया' ही स्वयंचलित दुर्बीण आयआयटी मुंबई आणि खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून उभारली. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेली २१ मीटर व्यासाची 'मेस' ही गॅमा किरणांची दुर्बीण भाभा अणुसंशोधन केंद्राची आहे.

एवढी महागडी उपकरणं इतक्या अवघड जागी नेण्याची कारणं तीच आहेत, जी छायाचित्रकाराला तिथे ओढून नेतात. हिमालयाची मुख्य रांग मान्सूनचे ढग अडवते, म्हणून पलीकडचं हे पठार कोरडं राहतं. वर्षभरातला पाऊस आणि बर्फ मिळून दहा सेंटिमीटरही भरत नाही. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम ५७ टक्के, म्हणजे डोक्यावरच्या वातावरणाचा जवळजवळ निम्मा थर पायाखाली राहिलेला असतो. धूळ कमी, बाष्प कमी, शहर शेकडो किलोमीटरवर. हिवाळ्यात पारा उणे २५ च्याही खाली जातो. बर्फ पडतं ते थोडं, पण थंडीमुळे डोंगरउतारावर आणि नदीच्या पात्रात टिकून राहतं.

आकाश नीट पाहायचं तर डोंगर चढावा, हा विचार जुना आहे. न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथातच उंच पर्वतांवरच्या स्थिर हवेचा फायदा सांगून ठेवला होता. १८५६ मध्ये पियाझी स्मिथ दुर्बीण घेऊन तेनेरिफ बेटावरच्या पर्वतावर गेला आणि त्याने तो फायदा प्रत्यक्ष मोजून दाखवला. १८८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट हॅमिल्टनवर लिक वेधशाळा सुरू झाली. डोंगरमाथ्यावर कायम माणसं राहून चालवलेली ही पहिली वेधशाळा. तोवर छायाचित्रणही दुर्बिणीपाशी पोहोचलं होतं. हार्वर्डमध्ये १८५० साली बॉन्ड आणि व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याची प्रतिमा डॅगेरोटाइपवर घेतली. सूर्याखेरीज दुसऱ्या एखाद्या ताऱ्याचं हे पहिलं छायाचित्र. हेन्री ड्रेपरने १८८० मध्ये मृगातल्या तेजोमेघाचं छायाचित्र घेतलं तेव्हा ५१ मिनिटं छायाचित्रणाची काच उघडी ठेवावी लागली. तीन वर्षांनी अँड्र्यू कॉमनने त्याच तेजोमेघाच्या छायाचित्रात असे तारे दाखवून दिले, जे दुर्बिणीतून डोळ्यालाही दिसत नव्हते. कॅमेरा डोळ्याच्या पुढे गेला तो तिथे.

या परंपरेतलं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं नाव एडवर्ड बर्नार्डचं. लिक वेधशाळेत त्याने १८८९ पासून एका साध्या पोर्ट्रेट लेन्सने आकाशगंगेची छायाचित्रं घ्यायला सुरुवात केली. तासन्‌तास दुर्बिणीला डोळा लावून, एक तारा तारांच्या फुलीवर धरून ठेवत, त्याने एकेक काच पूर्ण केली. त्या काचांवर आकाशगंगेच्या उजळ पट्ट्यात काळ्या वाटा आणि विवरं दिसू लागली. तिथे तारेच नाहीत, असं आधी बहुतेकांना वाटत होतं. वर्षानुवर्षं निरखल्यावर बर्नार्डला पटत गेलं की त्या रिकाम्या जागा नाहीत, मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवणारे ढग आहेत. आज आपण त्यांना धुळीचे मेघ म्हणतो, आणि नवे तारे तिथेच जन्मतात हेही जाणतो. काळोख लक्ष देऊन पाहिला तर त्यातही ऐवज सापडतो, हे बर्नार्डच्या छायाचित्रांनी दाखवलं. या पुस्तकातल्या आकाशगंगेच्या छायाचित्रांत वाचकाने उजेडाइतकंच या काळ्या वाटांकडे पाहावं, अशी माझी विनंती आहे.

महाराष्ट्रालाही या इतिहासात जागा आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगर संस्थानाच्या मदतीने महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सगळ्यात मोठी होती. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवालांनी जेऊरला मुक्काम टाकून वेध घेतले. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ज्या शिवाजीनगर भागात एकेकाळी देशातली सर्वांत मोठी दुर्बीण आकाशाकडे रोखलेली होती, तिथे आज रात्री मोजके ठळक तारे दिसतात. आकाश तेच आहे. आपण त्याच्यापुढे दिवे लावले आहेत.

इथे एक हिशेब मांडतो, कारण तो माहीत नसल्यामुळे आपल्याकडे पुष्कळ गैरसमज आहेत. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग, म्हणजे तिचं केंद्र, धनू आणि वृश्चिक राशींच्या सीमेवर आहे. तो भाग आकाशाच्या दक्षिण बाजूला येतो, त्यामुळे जितकं दक्षिणेला जावं तितका तो वर दिसतो. हानलेहून हे केंद्र क्षितिजापासून जास्तीत जास्त २८ अंश चढतं. पुण्याहून तेच ४२ अंशांच्या वर जातं, कोल्हापूरहून त्याहीपेक्षा थोडं अधिक. अगस्तीचा तारा हानलेत जेमतेम चार-पाच अंश डोकं वर काढतो आणि डोंगराआड जातो, आपल्याकडे मात्र तो निवांत दिसतो. नुसती भूमिती पाहिली तर आकाशगंगेच्या छायाचित्रासाठी सह्याद्री हिमालयापेक्षा सरस ठरायला हवा.

तो ठरत नाही याचं एक कारण हवा. केंद्राचा प्रकाश हानलेत तिरका येतो, तरी तिथलं वातावरण इतकं विरळ आहे की एकूण हिशेबात त्याला पुण्यापेक्षा कमीच हवेतून यावं लागतं. दुसरं कारण पाऊस. जून-जुलैत केंद्र जवळजवळ रात्रभर आकाशात असतं, आणि नेमके तेच आपले ढगांचे महिने. पण सगळ्यात मोठं कारण अंधार. आकाशाच्या पार्श्वभूमीचा उजेड चौरस कोनीय सेकंदामागे किती प्रती (मॅग्निट्यूड), असा मोजतात; आकडा जितका मोठा तितका काळोख गडद. मानवी दिव्यांचा स्पर्श नसलेल्या, चंद्र नसलेल्या आकाशात हा आकडा २२ च्या जवळ असतो, आणि हानले त्याच्या अगदी लगत आहे. मोठ्या शहराच्या मधोमध तो १८ किंवा त्याहूनही खाली येतो. चार प्रतींचा फरक म्हणजे पार्श्वभूमी सुमारे ४० पट उजळ. अंधुक गोष्ट त्या उजळ पडद्यातून तितक्याच स्वच्छपणे वेगळी काढायची तर ढोबळमानाने ४० पट वेळ प्रकाश गोळा करावा लागतो. हानलेतला एक तास म्हणजे शहरातले चाळीस तास. जगातला कुठलाही कॅमेरा ही तूट भरून काढत नाही. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची जी श्रेणी मांडली, तिच्यातल्या पहिल्या पायरीचं आकाश हानलेत मिळतं, याचा व्यावहारिक अर्थ हा आहे.

आता तंत्राविषयी थोडं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून स्थिर ट्रायपॉडवरून घेतलेल्या छायाचित्रात तारे लवकरच रेघा ओढू लागतात. २० मिलिमीटरच्या लेन्सवर जुन्या '५००च्या नियमा'ने २५ सेकंद मिळतात. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर त्याच्या निम्म्यावर थांबलेलं बरं. याहून जास्त वेळ हवा असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे अनेक लहान एक्स्पोजर घेऊन ती ताऱ्यांना ताऱ्यांशी जुळवून एकत्र करणं, ज्याला आपण सगळे स्टॅकिंग म्हणतो. १६ फ्रेमा एकत्र केल्या की नॉइज चौथाईवर येतो. उपग्रहांच्या रेघाही याच पद्धतीत गळतात, कारण त्या प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात. दुसरी वाट ट्रॅकरची. पृथ्वीच्या उलट दिशेला, तिच्याच वेगाने कॅमेरा फिरवणारं हे छोटं यंत्र. पण त्याचा अक्ष आधी उत्तर ध्रुवबिंदूवर नेमका लावावा लागतो.

हे अक्ष लावण्याचं काम बर्फात कसं होतं ते जरा जवळून पाहू. ध्रुवतारा हानलेत सुमारे ३३ अंशांवर आहे. तो नेमका ध्रुवबिंदूवर नाही. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून थोडं जास्त अंतर बाजूला आहे, आणि दिवसभरात त्या बिंदूभोवती लहानशी फेरी मारतो. ट्रॅकरच्या ध्रुवदर्शीत, म्हणजे बोटाएवढ्या दुर्बिणीत, एक वर्तुळ कोरलेलं असतं. त्या वर्तुळावर त्या क्षणाच्या योग्य जागी तारा बसवायचा. त्यासाठी बर्फात एक गुडघा टेकून मान वर वाकवायची आणि डोळा काचेला भिडवायचा. श्वास सोडला की काचेवर लगेच दव गोठतं, म्हणून श्वास रोखायचा. दोन्ही हातांनी दोन स्क्रू हळूहळू फिरवायचे, एक आडवा आणि एक उभा. जाड हातमोज्यांत स्क्रू जाणवत नाही, उघड्या बोटांना धातू चिकटतो. त्यामुळे आत पातळ आणि वर जाड असे दोन जोड घालायचे आणि या कामापुरता वरचा काढायचा. ४५०० मीटरवर रोखलेल्या श्वासाची किंमत ताबडतोब चुकवावी लागते. डोळा काढला की छाती भात्यासारखी चालू लागते. ती शांत झाली की पुन्हा वाकायचं आणि तारा जागेवर आहे का ते पाहायचं.

बहुतेक वेळा तो थोडा सरकलेला असतो, कारण बर्फ. ट्रायपॉडचे पाय बर्फावर ठेवले की ते बर्फ वजनाखाली हळूहळू दबत राहतं. डोळ्याला काही कळत नाही, पण अर्ध्या तासाने फ्रेम घसरलेली असते. म्हणून पाय बर्फ उकरून खालच्या खडकावर किंवा गोठलेल्या मातीवर टेकवायचे, आणि ते शक्य नसेल तर त्यांखाली रुंद चकत्या घालून, दाबून, थोडा वेळ बसू द्यायचे. दुसरी काळजी पावलांची. कोऱ्या बर्फावर आपण चालत गेलो की ते छायाचित्र संपलं. जागा दिवसाउजेडी ठरवून, मागून वळसा घेऊन पोहोचायचं. बॅटऱ्या थंडीत पटकन मान टाकतात, म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवायच्या. काम संपल्यावर कॅमेरा थेट उबदार खोलीत नेला तर त्याच्या आतबाहेर पाणी धरतं. त्याआधी बाहेरच हवाबंद पिशवीत घालून मग आत न्यावा आणि तासाभराने उघडावा. थंडीचा एक मोठा फायदाही आहे. सेन्सरमध्ये उष्णतेमुळे तयार होणारा, नॉइजला कारण ठरणारा प्रवाह तापमान सहा-सात अंशांनी उतरलं की साधारण निम्मा होतो. महाराष्ट्रात मे महिन्यात जी फ्रेम कणाकणांनी भरून जाते, ती इथे जानेवारीत स्वच्छ निघते. आणि या सगळ्याच्या आधी लेहला किमान दोन-तीन दिवस थांबून शरीराला उंचीची सवय होऊ द्यायची. विरळ हवेचा त्रास तरुण-म्हातारा पाहत नाही, आणि हानलेहून मोठं रुग्णालय फार लांब आहे.

हिवाळी आकाशाचा नकाशा वेगळा असतो. डिसेंबर-जानेवारीत आकाशगंगेचं केंद्र सूर्याच्या बाजूला असतं, दिसत नाही. त्याऐवजी कृत्तिका, रोहिणी, मृग आणि व्याध यांच्या शेजारून जाणारी आकाशगंगेची फिकी, बाहेरची कड माथ्यावर असते. देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवरची, नुसत्या डोळ्यांनी कापसाच्या बोळ्यासारखी दिसते. फेब्रुवारी संपत आला की पहाटे, उजाडण्याआधी तास-दोन तास, केंद्र आग्नेयेला बर्फाच्या कडेवर उगवतं. याच दिवसांत संध्याकाळी पश्चिमेला राशिप्रकाशाचा उंच सुळका उभा राहतो. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेली धूळ सूर्यप्रकाशात उजळते, तो हा प्रकाश. शहरात वाढलेल्या माणसाला तो एखाद्या लांबच्या गावाचा उजेड वाटतो. काही रात्री छायाचित्रात आकाश हिरवट येतं. हा कॅमेऱ्याचा दोष नाही. सुमारे ९५ किलोमीटर उंचीवरचे प्राणवायूचे अणू दिवसभर मिळालेली ऊर्जा रात्री सोडत असतात. आकाशाचा स्वतःचा हा मंद उजेड फक्त खऱ्या अंधारातच उठून दिसतो.

हिरवा रंग डोळ्याला दिसला नव्हता, मग छायाचित्रात कुठून आला? हा प्रश्न लोक मला नेहमी विचारतात, आणि तो टाळता कामा नये. अंधारात आपला डोळा दंडपेशींनी पाहतो. त्या फार संवेदनशील असतात, पण रंग ओळखत नाहीत. शिवाय डोळा प्रकाश साठवू शकत नाही, क्षणाक्षणाला जुनं पुसून नवं पाहतो. कॅमेरा मिनिटभराचा प्रकाश एकावर एक रचतो, म्हणून हायड्रोजनचा लाल आणि प्राणवायूचा हिरवा रंग त्याला मिळतो. ते रंग आकाशात असतातच, आपल्या डोळ्याला ते झेपत नाहीत. त्यामुळे डोळ्याला न दिसलेलं दाखवणं म्हणजे खोटं बोलणं असं मी मानत नाही. जे तिथे नव्हतं ते दाखवणं हे खोटं. आज एका डोंगरावर दुसऱ्याच देशातलं आकाश चिकटवणं दोन मिनिटांचं काम आहे, उत्तरेच्या कड्यावर दक्षिणेची आकाशगंगा उभी करणंही सोपं आहे. या पुस्तकात मी सीमा आखून घेतली आहे. आकाश आणि जमीन एकाच जागेवरून, एकाच रात्री घेतलेलं, दिशा खरी. ट्रॅकर चालू असताना जमीन पुसट येते, म्हणून जमिनीची वेगळी फ्रेम जोडली असेल तर तसं त्या छायाचित्राखाली लिहिलं आहे. प्रत्येक छायाचित्राखाली तारीख, वेळ, दिशा आणि एकूण एक्स्पोजरही दिलं आहे, म्हणजे कोणाला पडताळून पाहायचं असेल तर पाहता येईल.

अशी नोंद किती मोलाची ठरू शकते, याचं उदाहरण हानलेनेच दिलं. १० मे २०२४ च्या रात्री, वीस वर्षांत झालं नव्हतं इतकं तीव्र सौर वादळ पृथ्वीवर येऊन धडकलं. मध्यरात्रीनंतर हानलेच्या उत्तर क्षितिजावर लाल उजेड उमटला. ध्रुवीय प्रकाश इतक्या दक्षिणेला क्वचितच येतो. दोनशे किलोमीटरहून उंचावरचे प्राणवायूचे अणू तो लाल रंग देतात. डोळ्याला तो जेमतेम जाणवत होता, पण वेधशाळेच्या संपूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी तो नोंदला आणि संशोधकांना त्याचा अभ्यास करता आला. शेजारी एखादं लहानसं शहर असतं तर तो उजेड त्याच्या झगमगाटात बुडाला असता.

म्हणून मी पुन्हा माणसांकडे येतो. डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने वेधशाळेपासून २२ किलोमीटरच्या आतला, सुमारे १०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून अधिसूचित केला. घराबाहेरचे दिवे झाकणाचे, खाली वळवलेले, पिवळसर उजेडाचे असावेत. खिडक्यांना जाड पडदे असावेत. रात्री गाड्यांनी हेडलाइट मंद ठेवावेत. नियम कागदावर एवढेच आहेत. ते पाळले जाताना कसे दिसतात, हे मी एका घरी मुक्कामाला असताना पाहिलं. दिवेलागणीला घरच्या आमाले, म्हणजे घरातली वडीलधारी बाई, बुखारीत शेण्या घालून उठल्या. खिडकीवरचा गडद पडदा त्यांनी ओढला, दोन्ही कडा भिंतीशी सपाट दाबल्या, खालची बाजू उशीने बंद केली. मग शाल घेऊन अंगणात गेल्या आणि बाहेरून खिडकीकडे पाहिलं. एका कोपऱ्यातून उजेडाची बारीक चीर बर्फावर पडली होती. आत येऊन त्यांनी तो कोपरा नीट केला आणि मगच चहा ओतला. त्यांना कोणी तपासायला येणार नव्हतं.

त्या बारीक चिरेचं महत्त्व बर्फामुळे वाढतं. ताजं बर्फ पडलेल्या उजेडापैकी ८० ते ९० टक्के परत वर फेकतं. उन्हाळ्यात ज्या दिव्याचा उजेड माती गिळून टाकते, तोच दिवा हिवाळ्यात अख्खं खोरं उजळवतो. म्हणजे जेव्हा आकाश सर्वांत स्वच्छ असतं, त्याच ऋतूत गावाला सर्वांत जास्त जपावं लागतं. छायाचित्रकारानेही हे लक्षात ठेवावं. एकाच्या हेडलॅम्पची एक झळक शंभर मीटरवरच्या दुसऱ्याची फ्रेम घालवते आणि सगळ्यांच्या डोळ्यांची अर्ध्या तासात कमावलेली अंधाराची सवय क्षणात मोडते. मंद लाल दिवा पुरतो, कारण दंडपेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम फारच कमी होतो.

हे गावाने नुसतं त्यागापोटी करावं, अशी अपेक्षा नाही. खगोलभौतिकी संस्थेने गावातल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन दुर्बिणी दिल्या आहेत. हे 'अ‍ॅस्ट्रो अँबॅसिडर' पाहुण्यांना आकाश दाखवतात. त्यांत बायकांची संख्या मोठी आहे. आकाश पाहायला येणारा माणूस रात्री राहतो, घरोघरी मुक्कामाची सोय होते, हिवाळ्यात एरवी न मिळणारं उत्पन्न मिळतं. वेधशाळेचे प्रमुख अभियंता दोर्जे अंगचुक हे लडाखचेच. हानलेचं आकाश देशभरात पोहोचलं ते मुख्यतः त्यांच्या छायाचित्रांमुळे, आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्यांना मानद सदस्यत्व दिलं. आकाशाचा जाणकार आणि आकाशाचा राखणदार एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात भेटतो, म्हणून हानलेचा प्रयोग टिकला आहे. पाहुण्यांची गर्दी वाढते आहे, गाड्या आणि तंबू वाढत आहेत. हा समतोल सांभाळणं सोपं नाही, आणि जो छायाचित्रकार तिथे जाईल त्याच्यावर त्याचा वाटा आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात आकाशाची ओळख आणि ऋतूंप्रमाणे काय कुठे दिसतं ते. दुसऱ्यात उपकरणं, थंडीतली काळजी, एक्स्पोजर, ट्रॅकिंग आणि स्टॅकिंग. तिसऱ्यात छायाचित्रं, त्यांच्या नोंदींसह. चौथा भाग अंधार कसा मोजावा आणि कसा राखावा याविषयी आहे. घाईत असलेल्या वाचकाने तंत्राचा भाग आधी वाचला तरी चालेल, पण चौथा भाग वगळू नये. ज्या घरांनी मला ऊब, चहा आणि अंधार दिला, त्यांचा मी कायम ऋणी आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल, हे सगळं दूरच्या लडाखचं. तसं नाही. १९४४ पासून पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आपल्या लोकांना आकाश दाखवत आली आहे, आणि शहरातले हौशी निरीक्षक अमावास्येच्या आसपास काळोख शोधत दर वर्षी थोडे आणखी लांब जातात. उलट दिशेचं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला 'डार्क स्काय पार्क' ठरला. त्यासाठी शेजारच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवण्यात आला. लोकांना रस्ता पूर्वीसारखाच दिसतो, वीज वाया जात नाही आणि वर आकाशगंगा दिसते. आकाशगंगेचं केंद्र पुण्याच्या आकाशात हानलेपेक्षा चौदा अंश जास्त चढतं, हे वर सांगितलंच आहे. तेव्हा हे पुस्तक वाचून कोणी लडाखला जाईल तर मला आनंदच होईल. पण त्याआधी त्याने आपल्या गावातल्या रस्त्यावरचे दिवे एकदा मान वर करून पाहावेत आणि ज्यांचा उजेड आभाळात जातो त्यांना झाकण बसवण्याचा अर्ज ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे द्यावा. हे काम एका ठरावाने सुरू होतं, आणि त्यासाठी हिमालयाची उंची लागत नाही.